खोक्यातली हवा आणि वहीतले भाडे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. सोलापुरात आमचा शेंगा चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरीचा उद्योग आहे. घरातल्या ओट्यावर सुरू झालेल्या या कामात आज १४ महिला आहेत. गेल्या वर्षापर्यंत आमचा माल शहरात आणि आसपासच्या तालुक्यांतच जात होता आणि महिन्याची विक्री ३ लाख रुपयांच्या घरात होती. वर्षभरात पुण्यातील ३८ दुकाने, मुंबई-ठाण्यातील काही दुकाने, नागपूर आणि हैदराबादचा एक व्यापारी जोडला गेला आणि विक्री ६ लाखांवर गेली. तरीही महिनाअखेरीस हातात उरणारी रक्कम जवळजवळ पूर्वीएवढीच आहे. वाहतुकीचे भाडे महिन्याला ४२ हजार रुपये येते, म्हणजे विक्रीच्या ७ टक्के, आणि ते मला फार वाटत नाही. धाकटे दीर म्हणतात की जुना पिकअप टेम्पो महिन्याला १४ हजारांच्या हप्त्याने कर्जावर घेऊन माल आपणच पोहोचवावा. यजमानांचे मत असे की पुण्यात एक गाळा भाड्याने घेऊन तेथे माल ठेवावा. तीन महिन्यांच्या वहीची प्रत सोबत पाठवत आहे. आम्ही काय करावे? आणि ई-वे बिलाची, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या वस्तू व सेवा कराच्या ऑनलाइन कागदाची, काळजी करावी का?

एक उद्योजिका, सोलापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार. उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. टेम्पो घेऊ नका आणि गाळाही तूर्त घेऊ नका. या दोन्ही सूचना भाडे वाचवण्यासाठी आहेत, आणि तुमच्या वहीवरून दिसते ते असे की तुमचा पैसा भाड्यात जितका जातो, त्याहून जास्त भाड्याच्या आसपास जातो. तुम्ही वही पाठवली हे फार बरे केले. बहुतेक पत्रांत फक्त तक्रार असते. तुम्ही मात्र फुटलेल्या भाकरीची पाकिटेसुद्धा तारखेनिशी लिहून ठेवली आहेत, आणि या पत्राचे निम्मे उत्तर त्याच नोंदींतून मिळाले.

पहिली दुरुस्ती त्या ७ टक्क्यांची करू. ४२ हजारांचे भाडे तुम्ही ६ लाखांच्या एकूण विक्रीत वाटले आहे, परंतु त्यातील २ लाख ४० हजारांचा माल सोलापूर आणि परिसरातच जातो आणि त्याच्यासाठी ट्रान्सपोर्टवाल्याकडे एक रुपयाही जात नाही. सगळे भाडे बाहेरगावच्या ३ लाख ६० हजारांच्या विक्रीने खाल्लेले आहे, म्हणून ते ७ टक्के नसून साडेअकरा टक्क्यांच्या वर आहे. ही चूक किरकोळ वाटेल, पण याच चुकीमुळे नव्या गिऱ्हाइकांचा खर्च जुन्या गिऱ्हाइकांच्या नावावर पडतो आणि तोट्याची ओळ नफ्याच्या आड लपून बसते.

आता भाड्याच्या आसपासचे पाहू. तुमच्या तीन महिन्यांच्या नोंदींची सरासरी काढली, तर बाहेरगावच्या विक्रीवर दर महिन्याला ४२,००० रुपये भाडे, दुकानदारांनी बिलातून कापून घेतलेली हमाली आणि घरपोच रक्कम ६,५०० रुपये, खोकी, पट्टी आणि आतले भरण १०,२०० रुपये, फुटलेल्या भाकरीची भरपाई १४,४०० रुपये आणि मुदत संपून परत आलेला माल, त्याच्या परतीच्या भाड्यासह, ६,००० रुपये असा खर्च दिसतो. याखेरीज दोन रकमा वहीत कुठेच नाहीत, कारण त्या रोखीने जात नाहीत. एक म्हणजे पाठवणीच्या कामात दिवसाचा बराच वेळ घालवणाऱ्या तुमच्या सहकारी महिलेचा पगार, ज्याचा बाहेरगावचा वाटा मी ५,५०० रुपये धरला. दुसरी म्हणजे उधारी. बाहेरगावची दुकाने सरासरी ४५ दिवसांनी पैसे देतात, म्हणजे तुमचे ५ लाख ४० हजार रुपये कायम रस्त्यात आणि दुकानांत अडकलेले आहेत, आणि वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर त्यांचा महिन्याचा खर्च ५,४०० रुपये होतो. या सगळ्याची बेरीज ९०,००० रुपये येते. बाहेरगावी १०० रुपयांचा माल विकण्यासाठी तुम्ही २५ रुपये खर्च करता, आणि त्यांपैकी जेमतेम १२ रुपये भाड्याचे आहेत.

सोलापुरातील विक्रीवर हाच खर्च तुमच्या वहीप्रमाणे महिन्याला १२ हजार रुपये, म्हणजे १०० रुपयांमागे ५ रुपये आहे. कच्चा माल, मजुरी, गॅस, वीज आणि आतले पाकीट वजा जाता तुमच्याकडे १०० रुपयांत सरासरी ३० रुपये उरतात, असे तुमच्याच हिशोबावरून दिसते. म्हणजे गावातल्या विक्रीत २५ रुपये आणि बाहेरगावच्या विक्रीत ५ रुपये हाती लागतात. गेल्या वर्षी ३ लाखांच्या गावातल्या विक्रीवर तुम्हाला ७५ हजार मिळत होते. या वर्षी गावातल्या २ लाख ४० हजारांवर ६० हजार आणि बाहेरच्या ३ लाख ६० हजारांवर १८ हजार, असे ७८ हजार मिळतात. विक्री दुप्पट होऊनही तीनच हजार वाढले, हे कोडे येथे सुटते.

या हिशोबात एक गोष्ट तुमच्याही नजरेतून सुटलेली दिसते. गावातली विक्री ३ लाखांवरून २ लाख ४० हजारांवर का आली? वहीच्या मागच्या पानांवर सोलापूरच्या दुकानांनी मागितलेला आणि 'उद्या देऊ' म्हणून राहिलेला माल वारंवार दिसतो. पुण्याचे खोके आधी भरले गेले आणि शेजारच्या पेठेतला दुकानदार रिकाम्या हाताने परत गेला. १०० रुपयांत २५ रुपये देणारे गिऱ्हाईक थांबवून ५ रुपये देणाऱ्याला माल पाठवणे हाही वितरणाचाच खर्च आहे, फक्त त्याची पावती कोणी फाडत नाही. पुढच्या आठवड्यापासून दररोज सकाळी आधी सोलापूरचा माल वेगळा काढा. या एका बदलाला एक पैसाही लागत नाही आणि जुनी ६० हजारांची विक्री परत आली, तर त्यातून महिन्याला १५ हजार रुपये सुटतील.

वाहतूक, साठा, वेष्टन, मोडतोड आणि उधारी यांची एकत्र बेरीज करूनच वितरणाचा निर्णय घ्यावा, हा विचार फार जुना नाही. १९५६ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी विमानाने माल पाठवण्याच्या खर्चाचा अभ्यास केला, तेव्हा असे पुढे आले की विमानाचे भाडे रेल्वे किंवा ट्रकच्या मानाने बरेच जास्त असले, तरी माल लवकर पोहोचल्यामुळे गोदामे आणि साठा कमी लागत असेल, तर एकूण खर्च कमी होऊ शकतो. भाड्याचा आकडा एकटा पाहणाऱ्याला हे कधीच दिसले नसते. आपल्या देशातही मोजणीचा असाच घोळ बरीच वर्षे होता. मालवाहतूक आणि साठवणीचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३ ते १४ टक्के असल्याचे सर्रास सांगितले जाई. २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या पद्धतशीर मोजणीत २०२३-२४ साठी तो ७.९७ टक्के निघाला. तुमच्या २५ टक्क्यांची त्याच्याशी तुलना करून घाबरू नका, कारण मी उधारी आणि मोडतोडही धरली आहे आणि लहान उद्योगावर हा भार मोठ्या कंपनीपेक्षा नेहमीच जास्त पडतो.

आता हे ९० हजार गावनिहाय वाटून पाहा, कारण खरे उत्तर तेथे आहे. पुण्याच्या २ लाखांच्या विक्रीवर ४६ हजार, म्हणजे २३ टक्के खर्च होतो. मुंबई-ठाण्याच्या ९० हजारांवर २६ हजार, म्हणजे जवळपास २९ टक्के. नागपूरच्या ४० हजारांवर १५ हजार, म्हणजे साडेसदतीस टक्के. आणि हैदराबादच्या ३० हजारांवर केवळ ३ हजार, म्हणजे १० टक्के. हैदराबाद परराज्यात आहे आणि सोलापूरहून पुण्यापेक्षा लांब आहे, तरीही ते तुमचे सर्वांत स्वस्त बाहेरगाव ठरते, कारण तो व्यापारी महिन्यातून एकदाच माल मागवतो, सगळी चटणी घेतो, भाकरी घेत नाही, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून स्वतः माल उचलतो आणि पैसे आठ दिवसांत पाठवतो. तुमचा खर्च किलोमीटरवर चढत नाही. तो ऑर्डर किती लहान आहे, किती वेळा येते आणि खोक्यात काय आहे, यावर चढतो. नागपूरची ९ दुकाने मात्र दर दहा-बारा दिवसांनी कुरिअरने एकेक खोके भाकरी मागवतात, आणि तुमच्या ३० टक्क्यांच्या शिलकेतून साडेसदतीस टक्के खर्च करून तुम्ही त्यांना दरमहा ३ हजार रुपये पदरचे देत आहात.

खोक्यात काय आहे, यावर थोडे थांबू. तुमचे चटणीचे खोके ४० × ३० × २० सेंटिमीटरचे आहे, त्यात २०० ग्रॅमची ६० पाकिटे बसतात, वजन १२ किलो आणि किंमत ४,२०० रुपये. भाकरीचे खोके ४५ × ४५ × ४० सेंटिमीटरचे, त्यात ४० पाकिटे, वजन जेमतेम ७ किलो आणि किंमत १,४०० रुपये. वाहतूकदार गाडीत जागाही विकतो आणि वजनही विकतो, म्हणून तो दोन्हींपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतो. कुरिअरच्या धंद्यात लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. त्या हिशोबाने चटणीचे 'जागेचे वजन' ४.८ किलो येते आणि खरे वजन १२ किलो असल्याने आकारणी १२ किलोची होते. भाकरीचे जागेचे वजन १६.२ किलो येते आणि ७ किलोच्या खोक्यासाठी तुम्ही १७ किलोचे पैसे भरता. किलोला १० रुपये दर धरला, तर चटणीच्या १०० रुपयांवर भाडे ३ रुपयांपेक्षा कमी पडते आणि भाकरीच्या १०० रुपयांवर १२ रुपये. भाकरीच्या बाहेरगावच्या १ लाख ४४ हजारांच्या विक्रीवर १४,४०० रुपयांची फूट आहेच, ती आणखी १० रुपये. म्हणजे ३० रुपयांच्या शिलकेतले २२ रुपये दुकानात पोहोचण्याआधीच संपतात, आणि हमाली, उधारी, खोके अजून राहिलेच आहेत. ट्रान्सपोर्टवाले ५,००० चा हिशोब न करता घनफुटामागे ठरावीक किलो धरतात आणि तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. भाकरीचे खोके २.८६ घनफुटांचे आहे, म्हणजे घनफुटाला ६ किलो धरणाऱ्याकडे ते १७ किलोचे आणि १० किलो धरणाऱ्याकडे २८ किलोंपेक्षा जास्त होते. दर विचारताना किलोचा भाव विचारण्याआधी हा आकडा विचारा. मी पूर्वी एका कारखान्याच्या पाठवणी विभागात काम केले आहे, आणि किलोला एक रुपया कमी करून आणल्याबद्दल शाबासकी मिळवलेल्या एका सहकाऱ्याने घनफुटाचा आकडा न विचारल्यामुळे वर्षभर आम्ही जास्तच पैसे भरल्याचे मला आठवते.

भाकरी गोल असते आणि खोके चौकोनी असते. चौकोनात बसवलेल्या वर्तुळाभोवती चार कोपऱ्यांत साडेएकवीस टक्के जागा रिकामी राहते, आणि पाकिटे एकावर एक रचताना भाकरी जराशी वाकडी-फुगीर असल्याने आणखी पोकळी राहते. तुम्ही पुण्याला भाकरीबरोबर बरीचशी सोलापूरची हवा पाठवता आणि तिचे भाडे भरता. यावर दोन उपाय सुचतात. पहिला साधा आहे: खोक्याची आतली मापे भाकरीच्या व्यासाच्या नेमक्या दुपटीला आणून बाजूची बोटभर मोकळी जागा काढून टाका, त्याने फूटही कमी होते, कारण हलायला जागा असलेली भाकरीच फुटते. दुसरा उपाय ऐकून तुमच्या सासूबाई कदाचित नाराज होतील. सोलापूरकर कडक भाकरी खातो कशी? आमटीत किंवा दह्यात चुरून. मग बाहेरगावच्या बाजारासाठी भाकरी कारखान्यातच एकसारखी मोडून 'आमटीसाठी भाकरी चुरा' म्हणून पाकिटात का भरू नये? चुऱ्याला निम्म्याहून कमी जागा लागते आणि फुटण्याचा प्रश्नच उरत नाही. अख्खी भाकरी सोलापुरात आणि पाहुण्यांच्या पिशवीत शोभते. ती तशीच विका. चुऱ्याची ५०-६० खोकी पुण्यात पाठवून दोन महिने पाहा आणि दुकानदार पुन्हा मागतो का, यावर पुढचे ठरवा.

आता टेम्पो. दिरांच्या सूचनेमागचा हेतू चांगला आहे, पण गणित जमत नाही. पुण्याला तुमचा महिन्याचा माल साधारण ३० खोकी चटणी आणि ५३ खोकी भाकरी एवढा आहे. त्याचे एकूण वजन ७३० किलोंच्या आसपास आणि जागा सुमारे ५ घनमीटर होते. म्हणजे संपूर्ण महिन्याचा पुण्याचा माल एका पिकअपच्या जेमतेम एका खेपेएवढा आहे. आठवड्यातून दोनदा जायचे म्हटले, तर गाडी दर वेळी ९-१० खोकी घेऊन निघणार, आणि परतीचे भाडे ठरवून देणारा माणूस नसेल, तर रिकामी परत येणार. जाऊन-येऊन ५०० किलोमीटर आणि महिन्यात ९ फेऱ्या धरल्या, तर ४,५०० किलोमीटर होतात; लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर इंधनच ३३,७५० रुपयांचे. त्यात दिरांनी सांगितलेला १४ हजारांचा हप्ता, चालकाचे पगार-भत्त्यासह १६ हजार, टोलचे अंदाजे ६ हजार आणि विमा, टायर, दुरुस्ती यांचे ८ हजार मिळवले, की आकडा ७७ हजारांवर जातो. आज पुण्याचा सगळा खर्च, फुटीसह आणि उधारीसह, ४६ हजार आहे. गाडी दारात उभी असते तेव्हाही हप्ता चालू असतो, ही गोष्ट मालगाडी घेणाऱ्याच्या घरात कोणी आधी बोलत नाही.

गाळ्याच्या सूचनेत थोडे तथ्य आहे, पण ती चुकीच्या टप्प्यावर आली आहे. गोदाम कुठे असावे हे भाड्यापेक्षा इतर कारणांनी ठरते, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण भिवंडी आहे. मुंबई महापालिकेची जकात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू होती. माल मुंबईच्या हद्दीबाहेर उतरवायचा, गरज पडेल तेवढाच आत न्यायचा आणि जकातही तेवढ्याच मालावर भरायची, या सोयीने भिवंडीच्या आसपास गोदामांची रांग उभी राहिली. जकात गेली तरी रस्ते, जागा आणि माणसे यांच्यामुळे गोदामे तिथेच वाढत राहिली. तुमच्यापुढे असे कोणतेही कारण नाही. उलट साठा दोन जागी ठेवला की राखीव माल वाढवावा लागतो. दोन बाजारांची मागणी एकमेकींशी संबंध न ठेवता वर-खाली होत असेल, तर माल कमी न पडण्याची तीच खात्री टिकवण्यासाठी दोन जागी मिळून साधारण ४१ टक्के जास्त राखीव साठा लागतो आणि चार जागी केला, तर दुप्पट. लोखंडी सळ्या असत्या, तर हे चालले असते. शेंगदाण्याच्या तेलाला खवट वास यायला लागतो, तेव्हा तो साठा नुसता पडून राहत नाही, परत येतो. शिवाय गाळ्याला भाडे, माणूस, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत जादा जागेची नोंद आणि अन्नसुरक्षेचा त्या जागेचा स्वतंत्र परवाना किंवा नोंदणी लागेल.

पुण्यासाठी माझा सल्ला वितरक नेमण्याचा आहे. खाद्यपदार्थांचा, आणि शक्यतो तुमच्याच दुकानांत आधीपासून लोणची, पापड किंवा फरसाण पोहोचवणारा वितरक शोधा. त्याची गाडी त्या दुकानासमोर तशीही थांबते. तुमचे खोके उतरवायला त्याला वेगळी फेरी लागत नाही. टेम्पोपेक्षा आणि गाळ्यापेक्षा तो स्वस्त पडतो याचे कारण एवढेच आहे. तो १० टक्के मागेल असे धरू. २ लाखांवर ते २० हजार झाले. आठवड्यातून दोन ठरावीक दिवशी एकाच बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या एकाच पावतीवर, त्याच्या गोदामापर्यंत पाठवण्याचे भाडे ९ हजार, खोकी ५,५०० आणि उरलेली फूट ३,५०० धरली, तर एकूण ३८ हजार होतात, म्हणजे आजच्यापेक्षा ८ हजार कमी. त्याहून मोठा फरक उधारीत पडतो. ४५ दिवसांऐवजी १५ दिवसांत पैसे मिळाले, तर पुण्यात अडकलेल्या ३ लाखांपैकी २ लाख मोकळे होतात, आणि शेंगदाण्याच्या हंगामात रोखीने खरेदी करायला तुम्हाला दुसरे कर्ज काढावे लागत नाही. वितरकाशी बोलताना मुदत संपलेल्या मालाची जबाबदारी कोणाची आणि किती टक्क्यांपर्यंत, हे लिहून घ्या. तोंडी ठरलेला परतीचा माल हाच पुढे भांडणाचा विषय होतो.

वितरक मिळेपर्यंतही दोन गोष्टी लगेच करता येतील. आज पुण्यातील दुकाने मोबाइलवर रोज ऑर्डर पाठवतात आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी खोके रवाना करता. बाहेरगावच्या मिळून महिन्यात ११० बिल्ट्या झाल्या आहेत, आणि प्रत्येकीवर माल कितीही असो, साधारण ८० रुपये ठरलेले जातात. म्हणजे निव्वळ कागदावर ८,८०० रुपये. सोमवार आणि गुरुवार एवढेच पाठवणीचे वार ठरवा आणि एका भागातील तीन-चार दुकानांचा माल एका नावावर पाठवा. दुसरी गोष्ट भावाची. तुम्ही सगळ्यांना एकच पोहोच भाव, म्हणजे भाड्यासकट भाव, दिला आहे, त्यामुळे एक खोके मागवणारा आणि दहा खोकी मागवणारा यांच्यात तुमच्या लेखी फरकच राहिलेला नाही. जागेवरचा, म्हणजे भाडे सोडून, भाव आणि पोहोच भाव वेगळे छापा, आणि ८ हजारांवरच्या ऑर्डरलाच भाडे तुमच्याकडे ठेवा. काही दुकाने कुरकुर करतील. करू द्यावी.

बिल्टीबद्दल दोन शब्द, कारण तुमच्याकडे आलेल्या सर्व बिल्ट्यांवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का आहे आणि तो वाचून तुम्ही नुकसानीची मागणीच केलेली नाही. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यानुसार वाहतूकदार त्या शिक्क्यामुळे सर्वस्वी मोकळा होत नाही. मात्र मालाची जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. चटणीच्या १२० रुपये भाड्याच्या खोक्यावर ती १,२०० रुपयांची होते, जरी आतला माल ४,२०० रुपयांचा असला तरी. शिवाय माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नसेल, तर दावा लावता येत नाही. खोके हरवले किंवा भिजले, तर ताब्यात घेताना बिल्टीवर शेरा मारून सही घ्यायला दुकानदारांना सांगा. न फाटलेल्या खोक्यात भाकरी मोडली असेल, तर मात्र कोणी भरपाई देणार नाही. तो प्रश्न तुमच्या खोक्याचाच आहे.

ई-वे बिलाची काळजी तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत विचारली आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एका पाठवणीची किंमत १ लाखापर्यंत असेल, तर ते लागत नाही. परराज्यात ती मर्यादा ५० हजारांची आहे. हैदराबादचा महिन्याचा माल ३० हजारांचा असल्याने आज प्रश्न नाही, पण त्या व्यापाऱ्याने दोन महिन्यांचा माल एकदम मागवला, तर लागेल. सध्या ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरतात, म्हणून गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी ते काढून ठेवू नका. ट्रान्सपोर्ट एजन्सीने आपल्या बिलात वस्तू व सेवा कर लावला नसेल, तर नोंदणीकृत उद्योग म्हणून भाड्यावरील ५ टक्के तुम्हाला भरावे लागतात आणि त्याची वजावट घेता येते. तुमच्या वहीत ही नोंद दिसली नाही, एवढे हिशोबनिसांना विचारा.

मुंबई-ठाण्याचे काम पुण्याची घडी बसेपर्यंत आहे तसेच चालू द्या. फक्त ट्रॅव्हल्सच्या बसने सुटी खोकी पाठवणे बंद करून आठवड्यातून एकदाच पाठवा. हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन करून, त्याच्या ओळखीत आणखी कोणी आहे का, हे विचारायला हरकत नाही. त्या शहरात मराठी घरे पुष्कळ आहेत आणि शेंगा चटणी तेलुगू जेवणातही बिनबोभाट बसते.

राहता राहिले नागपूर. तेथील दुकानांना या महिन्यात पत्र लिहा की भाकरी पाठवणे थांबवत आहोत, चटणी मिळेल, पण एका वेळी किमान दोन खोकी आणि जागेवरच्या भावाने. ९ पैकी तीन-चार दुकाने राहतील. त्यांचा पुढच्या तीन महिन्यांचा हिशोब वेगळ्या पानावर लिहा, भाड्याच्या खाली हमाली, फूट, परतीचा माल आणि उधारीचे दिवस अशा ओळी आखून, आणि वाटल्यास ते पान मला पाठवा.